टीचभर पद्मिनी

मीरा रोडच्या हाटकेश भागातून एका वाचक भगिनीचे पत्र आमच्या हाती आले आहे. पत्र चांगले चार पाने असून त्यात तक्रारीचा सूर असला तरी रागाचा नाही. त्यांचे यजमान एका तांत्रिक शाळेत आरेखनाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन आठ वर्षे लोटली. बाई लिहितात, "गेली चार वर्षे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही, तेथे मोटारी आणि मोटारसायकली होतात. पाटावर बसून जेवण्याची सवय त्यामुळे पुन्हा लागली, एवढेच काय ते चांगले झाले. परंतु उजव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी दोनदा पुढे ढकलली आहे. कारण काय, तर टॅक्सी पुरी व्हावयाची आहे! सहासष्टाव्या वर्षी खेळण्यापायी डोळा पणास लावावा काय, हे आपण सदरातून त्यांस विचारावे. माझे ऐकत नाहीत; कदाचित छापलेले ऐकतील."

छापील अक्षरावर एवढा विश्वास ठेवणारे वाचक आता विरळाच. पत्राचे उत्तर घरबसल्या लिहिता आले असते. तथापि ज्या उद्योगाविषयी मत द्यावयाचे तो प्रत्यक्ष पाहिल्यावाचून देऊ नये, असा या सदराचा आजवरचा शिरस्ता आहे. म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही मीरा रोड स्थानकावर उतरलो आणि पूर्वेकडून रिक्षा करून, मेट्रोच्या खांबांच्या रांगेने, हाटकेशास पोचलो. एका अंगास उद्योगनगराचे गाळे, दुसऱ्या अंगास राहत्या इमारती. लेथची घरघर व कुकरची शिट्टी एकाच वेळी कानी पडावी असा हा भाग. हे गाळे आमच्या हकीकतीत पुढे उपयोगी पडणार आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख येथेच करून ठेवतो.

मास्तरांनी (सारी इमारत त्यांस मास्तर म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणू) दार उघडले ते भिंग कपाळावर चढवूनच. टेबलावर जुनी वर्तमानपत्रे, त्यांवर कापावयाची रबरी पाटी, दोन चिमटे, घड्याळजीच्या कानशी, व्हर्नियर, आणि काचेच्या दहा-बारा बाटल्या. वहिनींनी चहा आणून ठेवला व शेंगा सोलण्याच्या निमित्ताने त्या पलीकडच्या दारात, आमचे बोलणे ऐकू येईल अशा बेताने बसल्या.

ज्या वाचकांनी असे किट कधी पाहिले नसेल त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. खोक्यात मोटार नसते. प्लॅस्टिकचे चार-सहा सांगाडे असतात व त्यांस मोटारीचे शेदोनशे भाग, डहाळीस फळे लागावीत तसे, लगडलेले असतात. इंजिनचे दोन अर्धे, चार चाके, आसने, आरसे, दिव्यांच्या काचा. शिवाय नावे व क्रमांक यांची पाण्यात भिजवून उतरवावयाची चित्रे, आणि एक जोडणीचे पुस्तक. भाग कापून काढावयाचे, घासावयाचे, रंगवावयाचे, जोडावयाचे. हे प्लॅस्टिक चिकटविण्याचा द्रव म्हणजे खरा डिंक नव्हेच. तो दोन्ही कडा किंचित विरघळवितो व त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात. म्हणून चुकून लागलेला थेंब पुसू जाऊ नये. पुसल्याने बोटाचा ठसा कायमचा उमटतो. तो वाळू द्यावा व मग घासून काढावा. मास्तरांच्या पहिल्या मोटारीच्या टपावर त्यांच्या अंगठ्याची निशाणी आहे. ती त्यांनी मोठ्या अभिमानाने आम्हांस दाखविली.

या उद्योगाचा प्राण प्रमाणात आहे. आपल्याकडे दिवाळीत मुले किल्ला करतात, त्यात महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि पायथ्याच्या हळिवाच्या शेतात उभा असलेला वाघ बुरुजाएवढा असतो. त्यात कोणास काही वावगे वाटत नाही, व वाटूही नये. उलट आपल्या घरातील जुनी भातुकली पाहा. पितळी बंब, जाते, पाटा-वरवंटा ही सारी एकमेकांशी ताळमेळ राखून केलेली आढळतात. किटांच्या दुनियेत हा ताळमेळ आकड्यांनी बांधलेला आहे. मोटारसायकली बहुधा एक-बारांशाच्या, म्हणजे फुटास एक इंच. मोटारी एक-चोविसांशाच्या, म्हणजे फुटास अर्धा इंच. कपाटात मांडावयाच्या छोट्या धातूच्या मोटारींचे एक-त्रेचाळिसांश हे चमत्कारिक प्रमाण आगगाडीच्या खेळण्यांपासून आले. त्या इंग्रजी आगगाड्यांत फुटास सात मिलिमीटर धरीत असत. ज्या फ्रँक हॉर्नबींनी १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले त्यांच्याच कारखान्यातून या आगगाड्या व त्यांच्या स्थानकांवर उभ्या करावयाच्या डिंकी मोटारी निघाल्या. मेकॅनोची लाल-हिरवी पेटी आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या माळ्यावर अद्याप असेल. आगगाड्यांचा विषय निघालाच आहे तर, पुण्यास कोथरूडच्या बाजूस जाणे झाल्यास भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय मुलांसह अवश्य पाहावे. प्रमाण म्हणजे काय, हे तेथे न शिकविता कळते.

प्लॅस्टिकची किटे प्रथम इंग्लंडात १९३६ च्या सुमारास विमानांची निघाली. एअरफिक्स या प्रसिद्ध कंपनीच्या किटांचा आरंभ तर १९४९ साली एका ट्रॅक्टरापासून झाला. फर्ग्युसन ट्रॅक्टर विकणाऱ्या लोकांस गिऱ्हाइकापुढे ठेवण्यास नमुना हवा होता. तो जोडून देणे परवडेना, म्हणून पुढे त्याचे सुटे भागच लोकांस विकावयास काढले. जपानातील शिझुओका येथील तामिया ही आज या धंद्यातील अग्रगण्य समजली जाणारी कंपनी १९४६ साली लाकूडकटाईचा धंदा म्हणून सुरू झाली होती. मास्तरांच्या कपाटातील बहुतेक खोकी तिचीच आहेत. ती स्वस्त नाहीत. मोटारीच्या एका चांगल्या खोक्यास अडीच-तीन हजार रुपये व त्याहूनही अधिक पडतात. वहिनींनी हा आकडा ऐकून शेंगा सोलणे क्षणभर थांबविले. त्यांस वेगळा आकडा सांगितलेला असावा.

मास्तरांनी आम्हांस प्रथम दाखविली ती होंडा सीबी ७५०. ही चार सिलिंडरांची मोटारसायकल १९६९ साली निघाली आणि तिने इंग्रजी मोटारसायकलींचा बाजार बसविला. एक-बारांश प्रमाणात ती सुमारे अठरा सेंटिमीटर भरते. "पुस्तकात सांगितल्याप्रमाणे जोडली की ती होंडा होते," मास्तर म्हणाले, "पण कोणाचीच होंडा होत नाही. रस्त्यावरची गाडी तारांनी भरलेली असते. क्लचची तार, वेगाच्या काट्याची तार, पुढच्या ब्रेकची नळी, चार प्लगांच्या चार तारा. कंपनी काही देते, काही देत नाही. देते तीही जाड असतात."

किट सुधारणे म्हणजे काय, याचे इतके सोपे स्पष्टीकरण आम्ही अन्यत्र ऐकले नाही. हिशेब साधा आहे. खरी ब्रेकची तार कवचासकट सहा मिलिमीटर जाडीची. तिला बाराने भागले की अर्धा मिलिमीटर. म्हणून हात दुकानात नव्हे तर मोडक्या इअरफोनात घालावा. त्यातील तार जवळपास तेवढीच निघते. चाकाच्या आऱ्यांचे मात्र कठीण. साच्यातून निघालेली आरी नखाने टोचली तरी मोडू नये म्हणून जाड ठेवावी लागते. ती बाराने गुणली तर खऱ्या गाडीस पेन्सिलीएवढ्या आऱ्या होतील. मास्तरांनी त्या सर्व कापून काढल्या, कडेस व तुंब्यास हातड्रिलने भोके पाडली व प्रत्येक आरी पोलादी तारेची ओवली. तार कोणती म्हणाल, तर तंबोऱ्याच्या जोडीची. ती सुमारे तीन-दशांश मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या मापाने साडेतीन मिलिमीटर; अगदी हवी तशी.

"तंबोरा माझा होता," दाराकडून आवाज आला. "आणि तार जुनी नव्हती."

मास्तरांनी यावर चष्मा पुसला.

नवशिक्यांस आमचे सांगणे असे की पहिल्या किटात यापैकी काहीएक करू नये. पहिले किट पुस्तकाबरहुकूम जोडावे आणि मुख्य म्हणजे पुरे करावे. अर्धवट सोडलेल्या खोक्यांचा ढीग हा या छंदाचा खरा रोग आहे व तो अनुभवी लोकांसच अधिक जडतो. दुसऱ्या किटात सुधारणा करावयाची ती आधी काही जोडण्याची नव्हे, काढण्याची असावी. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे प्रत्येक नळीवर बारीक रेघ राहते. भाग साच्यातून ढकलणाऱ्या सळ्यांचे वाटोळे ठसे आतल्या अंगास उमटतात. जाड भाग थंड होताना पृष्ठभागास खळगा पडतो. रेघ खरवडावी, ठसे घासावेत, खळग्यात लांबी भरावी. एवढे केले तरी साधे किट निम्मे सुधारते, आणि खर्च पाण्याच्या पॉलिश पेपराचा. रंगापूर्वी सारे भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण साच्याचा तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही. काचांस फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा पदार्थ लावू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते. पांढरा गोंद लावावा, तो वाळल्यावर दिसेनासा होतो.

रंगाविषयी कोकणपट्टीतील वाचकांनी विशेष सावध राहावे. हाटकेश मिठागरांच्या व खाडीच्या मुलखातले, आणि पावसाळ्यात तेथील हवा पिळून काढावी अशी. फवाऱ्याचा रंग अशा हवेत मारला की त्यातील द्रव झपाट्याने उडून पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतील पाणी धरते, व चकचकीत काळ्या रंगावर दुधाळ झाक येते. मास्तरांनी पहिल्या वर्षी आषाढात तीन मोटारी अशा घालविल्या. आता ते आषाढ ते भाद्रपद फक्त कापाकाप व घासणी करतात, आणि रंगाचा डबा दसऱ्यास पूजेत ठेवून मगच उघडतात. आणखी एक गोष्ट, व ती आम्ही मास्तरांस तोंडावर सांगितली. या द्रवांच्या वाफा पेट घेतात व छातीस बाधतात. फवारा उघड्या खिडकीशी, तोंडास चांगला मुखवटा बांधून मारावा, आणि देवघरात समई किंवा स्वयंपाकघरात गॅस चालू असता मुळीच मारू नये. दोन खोल्यांच्या घरात देवघर ते टेबल हे अंतर किती असते, हे आम्ही पाहून आलो आहो.

आता टॅक्सीकडे वळतो.

शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहत. मूळचे जौनपूरकडचे, पस्तीस वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सी चालविली. इमारतीतील मुले त्यांस चाचा म्हणत, म्हणून मोठी माणसेही म्हणू लागली. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसात मास्तरांची कन्या महाविद्यालयातून परतताना अंधेरीजवळ अडकली. गाड्या बंद, दूरध्वनी बंद, रस्त्यात छातीएवढे पाणी. चाचांनी तिला गर्दीत ओळखले, आणखी दोन मुलींसह आपल्या टॅक्सीत घेतले, गाडी मोठ्या युक्तीने एका पुलाच्या चढावर नेऊन उभी केली आणि रात्रभर स्वतः बाहेर उभे राहून दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी आणून पोचविले. भाडे घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर दर दिवाळीस मास्तरांकडून फराळाचे ताट त्या घरी जाई, एवढाच काय तो व्यवहार. दोघेही फार बोलणारे नव्हेत.

ती टॅक्सी म्हणजे अर्थातच पद्मिनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. तेथे १९६४ पासून फियाटची अकराशे-डी ही मोटार बनू लागली व १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यास लागून असलेला गिअर, पुढे बाकासारखे सलग आसन. अंग काळे, टप पिवळा, टपावर सामानाचा कॅरिअर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. चाचांची गाडी १९९९ ची. ती २०१९ सालीच भंगारात गेली. गेल्या वर्षी त्यांनी कायमचे गावी जाण्याचे ठरविले. दिवाळीनंतर निघावयाचे होते. मास्तरांनी मनाशी काय योजले, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. आणि शस्त्रक्रिया का पुढे ढकलली गेली, हेही.

जपानी खोक्यांत मास्तरांस पद्मिनी सापडली नाही. सापडले ते आपल्या बाजारातील खेळणे. मागे ओढून सोडले की धावणारे, काळे-पिवळे, स्वस्त. मास्तरांनी त्यास व्हर्नियर लावला. खऱ्या पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,३४० मिलिमीटर, खेळण्याचे ७३. म्हणजे प्रमाण झाले एक-बत्तिसांश. खरी रुंदी १,४६०, खेळण्याची ४९. म्हणजे एक-तिसांशाहूनही किंचित मोठे! लांबीत एक मोटार, रुंदीत दुसरी. चाके तर तिसऱ्याच गाडीची होती. आमच्यासारख्याने हे मोजलेच नसते, आणि मोजले असते तरी साडेतीन मिलिमीटरांसाठी झोप घालविली नसती. मास्तरांनी चाळीस वर्षे मुलांच्या कागदावर लाल पेन्सिल चालविलेली. त्यांनी करवतीच्या पात्याने मोटार नाकापासून डिकीपर्यंत मधोमध उभी चिरली, साडेतीन मिलिमीटरची पट्टी काढून टाकली व दोन अर्धे पुन्हा जोडले. या कापाकापीत पुढच्या जाळीचा बळी गेला; ती त्यांनी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची नवी बसविली. आतील धावण्याचे यंत्र काढून तेथे आसने आली. समोरची काच पारदर्शक पत्र्यातून पुन्हा कापावी लागली, व ती पाचव्यांदा जमली.

चाकांचा प्रश्न उद्योगनगराने सोडविला. खऱ्या गाडीचा टायर ५.२०-१४ मापाचा, म्हणजे बाहेरून सुमारे एकसष्ट सेंटिमीटर. त्याचे बत्तिसांश एकोणीस मिलिमीटर. एका गाळ्यातील लेथवाल्या तरुणाकडे मास्तर कागदावर रीतसर आराखडा काढून घेऊन गेले. त्याने तो पाहिला, "सर, तुम्ही आम्हांला शिकवलंत," एवढेच म्हणाला, व जेवणाच्या सुटीत पाच चाके कातून दिली. पाच का, असे आम्ही विचारले. "स्टेपनी नको?" मास्तरांनी उलट आम्हांसच विचारले. त्यासाठी त्यांनी डिकीचे झाकण कापून उघडते केले होते.

बोनेट मात्र बंदच ठेवले. हे आम्हांस शहाणपणाचे वाटले. उघडते केले असते तर आत इंजिन, इंजिनावर वितरकाच्या पाच तारा, चार प्लगांस जाणाऱ्या व एक कॉईलकडची, बत्तिसांशाने सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या. आणि एका डोळ्यावर पडदा. कोठे थांबावे हे ज्यास कळते त्याचेच किट पुरे होते. डाव्या अंगास बाहेर बसविलेला जुन्या घडणीचा मीटर सहा मिलिमीटरांचा झाला. त्याचा पत्रा एका टूथपेस्टच्या नळीचा. पुढे विजेवर चालणारे मीटर आले, पण चाचांच्या आठवणीतील गाडीस हाच होता. पिवळ्या पाटीवरचा क्रमांक मास्तरांनी भिंगाखाली एका केसाच्या कुंचल्याने लिहिला. त्या एका पाटीस अकरा दिवस लागले.

कोजागिरीस टॅक्सी पुरी झाली. आठ हात रंग, प्रत्येक दोन हातांमध्ये घासणी, शेवटी मऊ फडक्याने पॉलिश. मास्तर म्हणाले, त्यात मला माझा चेहरा दिसत होता. त्यांनी चाचांस वर बोलाविले.

चाचांनी गाडी हाती घेतली नाही. टेबलाशी वाकून, हात पाठीशी धरून, त्यांनी ती चारी बाजूंनी पाहिली. कॅरिअर पाहिला, मीटर पाहिला, क्रमांक वाचला. मग डाव्या अंगास जाऊन बराच वेळ उभे राहिले व म्हणाले, "मास्टरजी, पोचा कुठे आहे?"

मागच्या डाव्या दारास एक पोचा होता. त्या रात्री पाण्यातून वाहत आलेले लोखंडी पिंप त्या दारावर आदळले होते. मास्तरांची मुलगी त्याच दाराशी बसली होती. पुढे चौदा वर्षे चाचांनी गाडीस किती वेळा रंग दिला, पण तो पोचा ठोकून काढू दिला नाही. गॅरेजवाला दर वेळी विचारी, ते दर वेळी राहू दे म्हणत. मास्तरांस हे ठाऊक नव्हते. मुलगीही कधी बोलली नव्हती. आईस भीती वाटेल म्हणून तिने ते तेव्हा सांगितले नाही व मग सांगावयाचे राहून गेले. वहिनींस ते कळले ते त्या दिवशी, टेबलाशी उभ्या असता.

आता वाचकांपैकी ज्यांनी कधी एखादी वस्तू मन लावून घासली आहे त्यांनीच मास्तरांच्या मनाची कल्पना करावी. आठ हातांचा तो आरसा. चाचा म्हणाले, राहू द्या, सुंदर आहे. मास्तरांनी त्यांस चार दिवसांनी यावयास सांगितले. रात्री मुलीस नाशिकला दूरध्वनी केला: पोचा नेमका कोठे होता? ती म्हणाली, मुठीच्या खाली चार बोटे. चाचा म्हणत, मुठीच्या मागे. वाद मिटविण्यास गाडीचे एक जुने छायाचित्र निघाले. त्यात दारासमोर चाचांचा नातू उभा! अखेर मुलीचे म्हणणे ग्राह्य धरले, कारण तिने तो आतून पाहिला होता. चार बोटे म्हणजे साडेसात सेंटिमीटर. बत्तिसांशाने सव्वादोन मिलिमीटर. पेन्सिलीच्या बोथट टोकास पॉलिश पेपर गुंडाळून मास्तरांनी त्या जागी रंग, अस्तर व प्लॅस्टिक मिळून चार-दशांश मिलिमीटरचा खळगा घासला. खऱ्या गाडीवर तो सव्वा सेंटिमीटरचा होईल. हात थरथरतो म्हणून मनगट वहिनींनी धरले होते. त्यावर पुन्हा काळ्या रंगाचे दोन पातळ हात, पण या वेळी पॉलिश नाही. खळग्याच्या एका कडेस उजेड अडतो व दुसऱ्या कडेस चमकतो, एवढ्यावरून तो ओळखू येतो. आम्ही छायाचित्रात पाहिला, व सांगितल्यावरच दिसला.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही टाळणार नाही. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे, ही समजूत जुन्या काळची होय. हल्लीच्या पद्धतीत तशी गरज नसते, उलट फार कडक झालेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड जाते. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली तारीख एकदा पुढे ढकलणे समजू शकते, दोनदा नव्हे. हे आम्ही मास्तरांस त्यांच्याच टेबलाशी सांगितले, व येथे छापलेही आहे. त्यांनी मुकाट्याने मान डोलाविली. छंद टाकावा, असे मात्र आम्ही सांगितले नाही. आणि वहिनींनीही, दारातून उठताना, ते सांगा असा आग्रह पुन्हा धरला नाही.

हा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी हाटकेशहून दुसरे पत्र आले. शस्त्रक्रिया झाली, डोळा उत्तम आहे. मास्तरांस आता होंडाच्या आऱ्यांतील दोन वाकड्या दिसू लागल्या आहेत व म्हणून तंबोरा कुलपात ठेवला आहे. चाचा गावी पोचले. टॅक्सी त्यांनी कापूस घातलेल्या जेवणाच्या डब्यातून, सबंध प्रवासभर मांडीवर धरून नेली. गेल्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला होता. नातवंडांनी ती ओसरीवर चालवून पाहिली आणि पुढचे एक चाक निखळून कोठे तरी हरवले. सांगताना फार ओशाळले होते. मास्तरांनी त्यांस डिकी उघडावयास सांगितले.